वजीर नसलेला डाव

ऑक्टोबर २००० मध्ये आमच्या घरी एका वजिरावरून वाद झाला. लंडनमध्ये बुद्धिबळाच्या विश्वविजेतेपदाचा सामना चालू होता. त्यातल्या चाली वर्तमानपत्रात बारीक टाइपात छापून यायच्या. मी त्या अब्बांच्या जुन्या लाकडी पटावर मांडायचो आणि अब्बा आरामखुर्चीतून बघायचे. पहिलाच डाव. आठव्या चालीला गॅरी कास्पारोव्हने आपल्या वजिराने समोरचा वजीर मारला आणि समोरच्याने खुद्द राजा पुढे करून त्याचा वजीर मारला. दोन्ही वजीर पटाबाहेर. अब्बा खुर्चीत उठून बसले. म्हणाले, "आठव्या चालीला फर्जी गेला? मग हे लोक खेळायला बसलेच कशाला?"

आमच्या घरच्या जुन्या बोलीत वजिराला फर्जी म्हणतात. पुढे मला कळलं, की रशियन भाषेतही वजिराला 'फेर्झ' म्हणतात. शब्द एकच, फारसीतून दोन वेगळ्या वाटांनी निघालेला. इंग्रजीत त्या मोहऱ्याची राणी झाली, आपल्याकडे आणि रशियात तो राजाचा मंत्रीच राहिला. अख्ख्या खेळाला ते 'शाखमाती' म्हणतात, म्हणजे आपलं शह आणि मात. गंमत पुढेच आहे. आपण ज्याला उंट म्हणतो त्याला रशियन माणूस हत्ती म्हणतो आणि आपला हत्ती जिथे कोपऱ्यात उभा असतो, तिथे त्यांची नाव असते. तेव्हा रशियन खेळाडूविषयी मराठीतून बोलताना मला फारसं परकं वाटत नाही.

तर ज्याच्या राजाने तो वजीर मारला तो व्लादिमिर क्रामनिक, वय वर्षं पंचवीस. समोर बसलेला कास्पारोव्ह १९८५ पासून, म्हणजे पंधरा वर्षं, विश्वविजेता होता. पंधरा वर्षांत त्याला कुणी हलवू शकलं नव्हतं. अनातोली कार्पोव्हने अनेकदा प्रयत्न केला, इंग्लंडच्या नायजेल शॉर्टने केला, आपल्या विश्वनाथन आनंदने १९९५ मध्ये न्यू यॉर्कला, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या १०७ व्या मजल्यावर केला. आणि हा उंच, सावकाश बोलणारा मुलगा आठव्या चालीला वजीर देऊन मोकळा झाला होता. अब्बांचं मत ठाम होतं, हा घाबरलाय. खरं सांगायचं तर माझंही मत तेच होतं. ते चुकीचं होतं हे कळायला मला बराच वेळ लागला. त्या वेळाचाच हा हिशेब आहे.

क्रामनिकचा जन्म २५ जून १९७५ चा, काळ्या समुद्राच्या काठावरच्या तुआप्से नावाच्या बंदराच्या गावातला. वडील शिल्पकार आणि चित्रकार, आई संगीत शिकवणारी. तेव्हा सोव्हिएत संघ उभा होता आणि त्या व्यवस्थेत बुद्धिबळ ही सरकारी जबाबदारी होती. शाळा जशी सरकार चालवतं, तसं बुद्धिबळाचं शिक्षणही चालायचं. लहान गावातल्या मुलाचं नाव वरपर्यंत पोहोचायला तिथे एक ठरलेली वाट होती. त्या वाटेच्या शेवटी मिखाईल बोत्विनिकची शाळा होती. बोत्विनिक स्वतः विश्वविजेता होऊन गेलेला, वयाने आजोबांसारखा. कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह दोघेही त्याचे विद्यार्थी. क्रामनिक त्या शाळेत गेला तेव्हा शिकवायला बोत्विनिकच्या जोडीला कास्पारोव्हही असायचा. ज्याला पुढे हरवायचं त्याच्यापुढे हा मुलगा असा विद्यार्थी म्हणून बसला.

१९९१ मध्ये ब्राझीलमध्ये तो अठरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वविजेता झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत संघ मोडला. म्हणजे ज्या देशाने त्याला घडवलं तो देश त्याला खेळायला उरलाच नाही. १९९२ च्या मनिला ऑलिंपियाडमध्ये रशिया प्रथमच रशिया म्हणून उतरली. संघात कोण असावं यावर वाद झाला, कारण क्रामनिक अजून ग्रँडमास्टरही नव्हता, आंतरराष्ट्रीय मास्टरही नव्हता. त्याच्याकडे होता तो फिडे मास्टर हा त्यांच्याही खालचा किताब. मोठमोठे ग्रँडमास्टर घरी बसवून हा पोरगा कशासाठी, असं लोक म्हणाले. कास्पारोव्ह मात्र हटला नाही, त्याला घ्याच म्हणाला. सतरा पूर्ण व्हायला काही दिवस उरलेल्या त्या मुलाने राखीव खेळाडू म्हणून नऊ डाव खेळले. त्यातले आठ जिंकले, एक बरोबरीत सोडवला. रशियाला सुवर्णपदक, त्यालाही वैयक्तिक सुवर्णपदक. त्यानंतर किताबाचा विषय कुणी काढला नाही.

इथून पुढची आठ वर्षं सरळ रेषेत वर गेली असतील असं वाटेल, पण तसं झालं नाही. १९९४ च्या एकाच उन्हाळ्यात तो दोनदा पडला. तेव्हा विश्वविजेतेपदाच्या दोन वेगवेगळ्या मालिका चालू होत्या, कारण कास्पारोव्ह आणि शॉर्ट १९९३ मध्ये फिडे या जागतिक संघटनेतून बाहेर पडले होते. क्रामनिक दोन्हीकडे खेळत होता. न्यू यॉर्कला गाटा काम्स्कीने त्याला हरवलं. मग तो आपल्याकडे आला, हैदराबादजवळच्या संघीनगरला. तिथे बोरिस गेल्फंडने त्याला अर्ध्या गुणाच्या दोन्ही बाजूंनी म्हणतात तसं, साडेचार विरुद्ध साडेतीन असं हरवलं. त्याच संघीनगरला त्याच दिवसांत आनंदही काम्स्कीकडून हरला. हार दोघांच्याही वाट्याला एकाच गावात आली. हे दोघे चौदा वर्षांनी एकमेकांसमोर बसणार होते.

जानेवारी १९९६ मध्ये जागतिक गुणांकनात त्याचे आणि कास्पारोव्हचे गुण बरोबर सारखे झाले, २७७५. त्या काळात क्रामनिकने जास्त डाव खेळले होते म्हणून त्याचं नाव वर लागलं. विसाव्या वर्षी पहिला क्रमांक. इतक्या लहान वयात तो मिळवण्याचा विक्रम २०१० च्या जानेवारीपर्यंत त्याच्या नावावर राहिला, मग मॅग्नस कार्लसनने मोडला. पण स्पर्धेत चमकणं वेगळं आणि एकाच माणसासमोर पंधरा-सोळा डाव बसणं वेगळं. सामन्यांत तो हरत होता. १९९८ मध्ये स्पेनमधल्या काझोर्ला गावी अलेक्सेई शिरोव्हशी त्याचा सामना झाला. जो जिंकेल तो कास्पारोव्हला आव्हान देईल असं ठरलं होतं. शिरोव्ह जिंकला. क्रामनिकला नऊपैकी एकही डाव जिंकता आला नाही.

आणि इथे या गोष्टीत एक खडा लागतो. तो मी चावून पुढे जाणार नाही. शिरोव्ह-कास्पारोव्ह सामन्याला पैसा उभा राहिला नाही. तो सामना झालाच नाही. पुढे आनंदशी बोलणी झाली, तीही फिसकटली. शेवटी लंडनमध्ये वीस लाख डॉलरच्या इनामाचा सामना ठरला तेव्हा आव्हानवीराच्या खुर्चीत बसवलं क्रामनिकला. म्हणजे जो पात्रता सामना हरला होता त्याला. यात क्रामनिकने काही गैर केलं असं मी म्हणत नाही. बोलावलं, तो गेला. पण शिरोव्हची पाटी कोरीच राहिली. त्याला तो सामना पुढेही कधी मिळाला नाही. क्रामनिकचे चाहते ही गोष्ट भरभर सांगून टाकतात. मीही त्याचा चाहता आहे, पण ही गोष्ट हळू सांगावी असं मला वाटतं.

आता लंडनकडे वळू. कास्पारोव्हला हरवायचं म्हणजे काय करायचं, हे क्रामनिकला इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. १९९५ मध्ये आनंदविरुद्धच्या सामन्यात तो कास्पारोव्हचा सहायक होता. ते स्वयंपाकघर त्याने आतून पाहिलेलं होतं. कास्पारोव्हची ताकद दोन गोष्टींत होती. एक, सुरुवातीच्या चालींचा प्रचंड घरचा अभ्यास. समोरचा माणूस विचार करू लागायचा तेव्हा हा विसाव्या चालीपर्यंत पाठ करून आलेला असायचा. दुसरी, हल्ला. वजीर, हत्ती, घोडे सगळे पटावर असले, राजे असुरक्षित असले, की त्याच्यासारखा खेळाडू जगात नव्हता. पांढरी मोहरी त्याच्या हातात आली की समोरच्याने नुसतं जगायचं.

क्रामनिकने याला शोधलेलं उत्तर जुनं होतं. बर्लिन बचाव हा एकोणिसाव्या शतकापासून माहीत असलेला, पण वरच्या पातळीवर जवळजवळ टाकून दिलेला प्रकार. घरी पट असेल तर मांडून पाहा. पांढरा राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकतो, काळाही. दोघे एकेक घोडा काढतात. पांढरा उंट त्या काळ्या घोड्यावर रोखतो. काळा आपला दुसरा घोडा काढतो, हाच बर्लिन. पांढरा किल्लेकोट करतो, काळा घोडा मधलं प्यादं खातो. पांढरा वजिरासमोरचं प्यादं पुढे सारतो, काळा घोडा मागे येतो. मग मारामाऱ्या. पांढरा उंट घोडा मारतो, काळं प्यादं तो उंट मारतं, पांढरं प्यादं मधलं काळं प्यादं खातं, काळा घोडा बाजूला होतो. आणि मग अब्बांना राग आणणारी ती आठवी चाल, वजिराने वजीर, राजाने वजीर.

आता पटाकडे बघा. काळ्याची अवस्था दिसायला वाईट आहे. त्याचा राजा हलला, त्यामुळे किल्लेकोट कायमचा गेला. राजा मधल्या रांगेत उघडा उभा. वजिराच्या बाजूला दोन प्यादी एकामागे एक अडकलेली. उलट पांढऱ्याकडे राजाच्या बाजूला तिनाला चार प्यादी आहेत. सगळी मोहरी संपून नुसती राजे-प्यादी उरली तर पांढरा सहसा जिंकेल. पुस्तकांनी हा प्रकार टाकून दिला होता तो या हिशेबाने.

पण ती मोहरी संपवायची कशी? वजीर नाही, मग त्या उघड्या राजाची शिकार कोण करणार? तो राजा भित्र्यासारखा मधोमध उभा दिसतो खरा, प्रत्यक्षात तो कामाला लागलेला असतो. आपल्या प्याद्यांची राखण तोच करतो. काळ्याकडे दोन्ही उंट शाबूत आहेत, पांढऱ्याचा एक गेलेला आहे. पांढऱ्याचं मधलं प्यादं पुढे आलेलं आहे, पण ते पुढे आल्यामुळे त्याच्या शेजारची घरं मोकळी पडली, तिथे काळा घोडा येऊन ठाण मांडतो. फोडायला जावं तर दार सापडत नाही. म्हणून पुढे लोकांनी या प्रकाराला बर्लिनची भिंत म्हटलं. खरी भिंत पडून तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इथे घोकून आणलेलं फारसं चालत नाही. नवव्या चालीलाच डावाची अखेर सुरू झाल्यासारखं असतं. विसाव्या चालीपर्यंत पाठांतर करून आलेल्या माणसाला क्रामनिकने नवव्या चालीला शांत, वजिराविना, डोकं खाजवत बसायला लावलं. भेकड माणसाला हे सुचत नाही. समोरच्याला जे आवडतं ते त्याला द्यायचं नाही आणि तसं करताना आपण किती कुरूप दिसतो याची फिकीर करायची नाही, याला फार आत्मविश्वास लागतो. कवितेत मीही कित्येक वर्षं आतषबाजीच्या बाजूचा होतो. अब्बांच्या खुर्चीजवळ मी कास्पारोव्हसाठी हळहळत होतो ते त्यामुळेच.

सामना सोळा डावांचा होता. दुसऱ्याच डावात पांढऱ्या मोहऱ्यांनी क्रामनिकने त्याला हरवलं. चौथ्या आणि सहाव्या डावात तो आणखी जिंकू शकला असता, संधी हुकल्या. त्याला नुसता भिंत बांधणारा म्हणणाऱ्यांनी हे डाव बघावेत. पांढरी मोहरी हातात आली की तो पुढे सरकत होता, सावकाश पण न थांबता. दहावा डाव तर पंचविसाव्या चालीला संपला, कास्पारोव्हने शरणागती पत्करली. इतक्या थोड्या चालींत विश्वविजेता मोडतो हे आम्ही पटावर मांडून दोनदा तपासलं, मला वाटलं छापण्यात चूक आहे.

आणि कास्पारोव्ह? तो पुन्हा पुन्हा त्या भिंतीकडे जात राहिला. पहिल्या डावात गेला, तिसऱ्यात गेला, नवव्यात गेला, तेराव्यात गेला. मधे एक-दोनदा वेगळी सुरुवात करून पाहिली आणि परत तिथेच. चारही वेळा बरोबरी. वाट बदलायला हरकत नव्हती, पण ज्याने पंधरा वर्षं प्रत्येक दार फोडलं त्याला एक दार सोडून पुढे जाणं जमलं नाही. तेरावा डाव चौदा चालींत बरोबरीत सुटला. विश्वविजेता दोन गुणांनी मागे, हातात पांढरी मोहरी, डाव उरलेले मोजके, आणि चौदा चालींत हस्तांदोलन. त्या दिवशी वर्तमानपत्रातला चालींचा रकाना दोन बोटांएवढा होता. अब्बा तो बघून काही बोलले नाहीत.

२ नोव्हेंबरला पंधरावा डाव बरोबरीत सुटला आणि सामना संपला, साडेआठ विरुद्ध साडेसहा. क्रामनिकचे दोन विजय, तेरा बरोबऱ्या. कास्पारोव्हचा विजय शून्य. एकही डाव न जिंकता विश्वविजेतेपद गमावण्याची पाळी त्याआधी १९२१ मध्ये इमान्युएल लास्करवर आली होती, कापाब्लांकासमोर. एकोणऐंशी वर्षांत दुसरी वेळ.

पुढचं मी भरभर सांगतो. कास्पारोव्हला परतीचा सामना मिळाला नाही. तो २००५ मध्ये निवृत्त होईपर्यंत गुणांकनात पहिलाच राहिला, त्यामुळे क्रामनिकच्या मुकुटाकडे बघून लोक नाक मुरडत राहिले. २००४ मध्ये स्वित्झर्लंडच्या ब्रिसागोला पेटर लेकोविरुद्ध शेवटचा, चौदावा डाव जिंकलाच पाहिजे अशी पाळी आली. तो जिंकला, सामना सात-सात झाला आणि मुकुट वाचला. भिंत बांधणारा माणूस गरज पडली तेव्हा तोडायलाही शिकला होता. मणक्याच्या संधिवाताने तो त्या वर्षांत हैराण होता, हेही ध्यानात ठेवायला हवं.

२००६ मध्ये काल्मिकियातल्या एलिस्ता शहरात व्हेसेलिन टोपालोव्हशी त्याचा सामना झाला. दोन विश्वविजेतेपदांचं पुन्हा एक व्हावं म्हणून तो भरवला होता. चार डावांनंतर क्रामनिक तीन-एक असा पुढे होता. तेव्हा टोपालोव्हच्या व्यवस्थापकाने तक्रार केली, की क्रामनिक डाव चालू असताना फार वेळा स्वच्छतागृहात जातो. सूचित असं केलं, की तिथे कॅमेरा नाही, तेव्हा तिथे काहीतरी चालतं. पुरावा नव्हता. तरी समितीने दोघांची खासगी स्वच्छतागृहं बंद केली. क्रामनिक पाचवा डाव खेळलाच नाही, तो गुण त्याच्या नावावरून गेला. मग तो एक गुण सोडून तो पुन्हा खेळायला बसला, सामना सहा-सहा झाला, आणि जलद डावांत अडीच विरुद्ध दीडने जिंकला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सगळ्यात धाडसी निर्णय लंडनचा नव्हे, हा आहे. घरी निघून गेला असता तरी जगाने त्याला दोष दिला नसता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बॉन शहरात संगणकाशी खेळताना त्याला एका चालीतली मात दिसली नाही. नवशिक्यालाही दिसली असती अशी. अब्बा तेव्हा असते तर फार हसले असते.

मुकुट गेला तो आनंदकडे. २००७ मध्ये मेक्सिकोची स्पर्धा आनंदने जिंकली आणि २००८ मध्ये बॉनलाच दोघे समोरासमोर बसले. आता पाहा काय झालं. क्रामनिकने कास्पारोव्हला ज्या युक्तीने धरलं होतं त्याच युक्तीने आनंदने क्रामनिकला धरलं. फरक इतकाच, की उलट्या दिशेने. क्रामनिकला शांत, कोरडे डाव हवे होते. आनंदने काळी मोहरी घेऊन धारदार, गुंतागुंतीचे डाव मांडले आणि तिसरा व पाचवा डाव काळ्यानेच जिंकला. साडेसहा विरुद्ध साडेचार. समोरच्याला आवडतं ते द्यायचं नाही, हा धडा आनंद लंडनच्या डावांतूनही शिकला असणार, असं मला वाटतं. तोपर्यंत बर्लिन तर सगळ्यांचीच झाली होती. २०१४ मध्ये सोचीला कार्लसन आणि आनंद यांच्यातला निर्णायक अकरावा डाव बर्लिनचाच होता.

क्रामनिक जानेवारी २०१९ मध्ये निवृत्त झाला. त्याच वर्षी त्याने काही भारतीय मुलांना शिकवलं. त्यात प्रज्ञानंद होता आणि गुकेशही, जो डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला अठराव्या वर्षी विश्वविजेता झाला. इथे थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. पण २०२३ पासून क्रामनिक ऑनलाइन बुद्धिबळातल्या फसवणुकीविषयी जाहीर बोलू लागला, खेळाडूंची नावं घेऊ लागला, आकडेवारी पुढे करून संशय व्यक्त करू लागला. अनेक खेळाडूंनी त्यावर उघड टीका केली. संगणकाच्या मदतीने होणारी फसवणूक हा खरा प्रश्न आहे, ते मी नाकारत नाही. पण पुराव्याविना केलेल्या संशयाने माणसाचं काय होतं हे एलिस्तात ज्याने भोगलं, त्यानेच तो संशय दुसऱ्यांवर असा टाकावा, हे मला जुळवता येत नाही. एलिस्तात पाचव्या डावाला न बसलेला माणूस आणि हा माणूस एकच आहे, हे मी मान्य करतो, पण समजावून सांगू शकत नाही.

पट अब्बांचाच आहे अजून. काळा एक घोडा हरवला, त्याच्या जागी मी एक बाटलीचं बूच ठेवतो. परवा त्या तेराव्या डावाच्या चौदा चाली पुन्हा मांडल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत.